तणाचा वाफा: भिंतीलगतचे २२ फूट, दोन पावसाळ्यांच्या नोंदी

जागा तळेगाव दाभाडे, रो हाऊस, कंपाउंडच्या भिंतीलगत २२ फूट लांब आणि ३ फूट रुंद पट्टा. ऊन सकाळी आठपासून दुपारी दोनपर्यंत. आधी तिथे बिल्डरने लावलेला पिवळा ड्युरांटा (शोभेचं झुडूप) होता, अर्धा वाळलेला. मला तिथे पावसाळी रानफुलं लावायचीत, म्हणजे जी आपण तण म्हणून उपटून टाकतो तीच. तेरडा, कुर्डू, टाकळा, केना, एकदांडी, जमलंच तर सोनकी. कोणाला असंच काही करायचं असेल तर माझे पैसे आणि वेळ कुठे कुठे वाया गेले ते वाचून घ्या.

१४ मे २०२३

ड्युरांटा काढला. मला वाटलं एका सकाळचं काम, पण मुळं भिंतीच्या फुटिंगपर्यंत गेलेली, दोन रविवार गेले आणि एक कुदळीचा दांडा मोडला (१८० रुपये). मग माती भुसभुशीत केली आणि चार गोणी शेणखत टाकलं, १२० रुपये गोणी. आई ओट्यावरून बघत होती, म्हणाली "अरे, टाकळ्याला कोण शेणखत घालतं?" मी म्हणलं बागेत लावायचं तर नीट लावू. हे वाक्य मुद्दाम लिहून ठेवतोय, पुढे लागणार आहे.

४ जून २०२३

बिया जमवणं हाच मोठा उद्योग आहे, हे आधी लक्षात आलं नव्हतं. रानफुलांच्या बिया ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोळा करायच्या असतात, आणि मला सुचलं एप्रिलमध्ये. तोपर्यंत तेरड्याच्या शेंगा कधीच फुटून गेलेल्या. आजोळी मावळात एक चक्कर मारली तिथे बांधावर कुर्डूचे वाळलेले तुरे उभे होते, ते कागदावर झटकले तर चिमूटभर काळ्या चकचकीत बिया मिळाल्या. टाकळ्याच्या वाळक्या शेंगा भरपूर, त्या पिशवीभर आणल्या.

एवढ्याशा बियांत २२ फूट कसे भरणार म्हणून एक 'वाईल्डफ्लॉवर मिक्स'चं पाकीट ऑनलाइन मागवलं, ३५० रुपये. पाकिटावर फुलांच्या माळरानाचा फोटो आहे, आत काय आहे त्याची यादी नाही. तेव्हाच शंका यायला हवी होती.

२६ जून २०२३

पाऊस एकदाचा आला, काल २५ तारखेला पुण्यात आणि मुंबईत एकाच दिवशी. यंदा तीन आठवडे नुसतं आभाळाकडे बघण्यात गेले. आज संध्याकाळी सगळं पेरलं. रेघा मारल्या, अर्धा इंच खोल बी टाकलं, वरून माती सारखी केली, जशी मेथी पेरतो तशी.

९ जुलै २०२३

वाफा हिरवागार, दोन मिनिटं फार भारी वाटलं. मग खाली बसून बघितलं तर काय आहे काय नाही काहीच कळेना. गवत आहे, लव्हाळा आहे, टाकळ्याची मोजून पाच रोपं आहेत, कुर्डू एकही नाही, आणि गाजरासारख्या पानांची खूप रोपं आहेत ती काँग्रेस गवत आहेत की पाकिटातून आलेलं काही आहे ते मला ओळखता येईना.

कुर्डू न उगवण्याचं कारण आईने एका वाक्यात सांगितलं, बांधावर त्याला कोण पुरून ठेवतं का. बी मोहरीपेक्षा बारीक, अर्धा इंच मातीखाली गेलं की संपलं. वर नुसतं भुरभुरायचं आणि हाताने दाबायचं, बस.

२३ जुलै २०२३

समोरच्या रिकाम्या प्लॉटमध्ये तेरडा दाट उगवलाय, तिथून साधारण चाळीस रोपं आणली. वीतभर उंचीची, मुळाशी मातीचा गोळा ठेवून, पावसाची भुरभुर चालू असताना संध्याकाळी. दोन दिवस माना टाकल्या मग सगळी ताठ झाली. तेरड्याचं खोड पाणीदार असतं, वरून नाजूक दिसतो पण रोप लावायला हा सगळ्यात सोपा. आतापर्यंत मनासारखं झालेलं हे एकच काम.

काँग्रेसची ओळख पण पटली. चुरगळलेल्या पानाचा उग्र वास आणि जमिनीला चिकटून पसरलेला पानांचा गोल. साधारण ७० रोपं उपटली, हातमोजे घालून, कारण मला त्याने मनगटावर पुरळ येतं. हे गवत भारतात पहिल्यांदा नोंदलं गेलं ते आपल्या पुण्यातच, १९५० च्या दशकात, त्यामुळे त्याला इथून घालवायचं म्हणजे आता तेच इथलं जुनं रहिवासी. फूल यायच्या आत उपटा, नंतर उपटून काही उपयोग नाही, बी पडून जातं.

उरलेली गाजरपानं पाकिटातली आहेत असं समजून ठेवलीत.

३ ऑगस्ट २०२३

आज लिहायची पण इच्छा नाही.

ऑफिसमधून आलो तर वाफा साफ. म्हणजे अक्षरशः झाडून काढल्यासारखा, काळी माती, मधोमध पाकिटातली गाजरपानं तेवढी उभी. आमचे माळीमामा महिन्यातून एकदा येतात, आई देवळात गेली होती, त्यांनी स्वतःहून तीन तास खपून सगळं 'गवत' काढलं. वर फोन करून सांगितलं, "साहेब, लई माजलं होतं तिकडं, काढून टाकलं, ह्याचं पैसं नको." काय बोलणार. चूक माझीच, त्यांना सांगितलंच नव्हतं. चाळीस वर्षं जे उपटायला शिकले तेच त्यांनी उपटलं.

तेरडा खताच्या ढिगावर पडला होता. टॉर्च लावून रात्री साडेनऊला परत लावला, २८ रोपं सापडली. टाकळा गेला.

२० ऑगस्ट २०२३

परत लावलेल्यातली ११ जगली. पाऊस पूर्ण गायब, भर श्रावणात मी बादलीने तेरड्याला पाणी घालतोय, आयुष्यात असं कधी करावं लागेल वाटलं नव्हतं. रोज चार बादल्या. मल्चिंग म्हणून वाळलेलं गवत पसरलं तेव्हा दोनवर आलं.

आईस्क्रीमच्या काड्यांवर मार्करने नावं लिहून खोचली. माळीमामा आले तेव्हा त्यांना घेऊन वाफ्यात फिरलो, एकेक रोप दाखवलं. ते शांतपणे ऐकत होते आणि शेवटी म्हणाले, "म्हंजी काँग्रेस काडायचं आन् कुर्डू ठिवायचा, आसंच ना?" एवढंच होतं खरं तर. मी उगाच अर्धा तास बोललो. मार्करची शाई आठ दिवसात धुऊन गेली, पेन्सिलने लिहा, पेन्सिल टिकते.

२१ सप्टेंबर २०२३

आज गौरी आल्या. यंदा अधिक श्रावणामुळे सगळे सण जवळजवळ महिनाभर पुढे गेलेत, एरवी एवढ्या उशिरा तेरड्याचा बहर ओसरायला लागलेला असतो, पण माझी रोपं दोनदा लावल्यामुळे मागे पडलेली होती ती नेमकी आता फुललीत. आमच्याकडे तेरड्याची गौर असते, मुळासकट रोपं आणायची. आईने वाफ्यातली सात उपटली. अकरातली सात! पण आजोळाबाहेर पहिल्यांदाच घरची गौर आली म्हणून ती एवढी खूश होती की मी काही बोललो नाही.

आणि परवा गणपतीच्या पत्रीसाठी मी बाजारातून आघाडा, दुर्वा आणि माक्याची जुडी ३० रुपयांना विकत आणली. तिन्ही गोष्टी मी जुलैभर या वाफ्यातून उपटून फेकल्यात.

१५ ऑक्टोबर २०२३

पाकिटातली गाजरपानं फुलली, नारिंगी कॉसमॉस. साडेचार फूट उंच, लोळलेला, एका बाजूने रस्त्यावर गेलेला. येणारे जाणारे थांबून कौतुक करतायत, "किती छान फुलं!", आणि मला ते बघवत नाहीये, कारण हा मेक्सिकोकडचा, आणि एकदा सुटला की पुण्याच्या टेकड्यांवर आणि घाटरस्त्यांच्या कडेने कसा पसरतो ते बघितलंय. ३५० रुपये देऊन मी रानफुलांच्या नावाखाली रानफुलांची जागा खाणारं झाड आणलं. बी धरायच्या आत सगळा कापला. थोडं बी पडलंच असणार.

दुसरी गोष्ट, या शेणखताच्या मातीत जे जे वाढलं ते नुसतं वाढलं. उशिराने आपोआप उगवलेले दोन कुर्डू कमरेच्या वर गेले आणि पहिल्या वाऱ्यात आडवे, तुरा मात्र करंगळीएवढा. गवत माझ्या गुडघ्याला. समोरच्या प्लॉटमध्ये मुरमावर उभा असलेला कुर्डू दोन फुटी, ताठ, डझनभर तुऱ्यांचा. तीच जात, रस्त्याच्या दोन बाजू. आईचं मे महिन्यातलं वाक्य वर लिहिलंच आहे.

पहिल्या वर्षाचा हिशोब: खत ४८०, पाकीट ३५०, दांडा १८०, हातमोजे ९०, एकूण ११००. त्यातले ८३० म्हणजे खत आणि पाकीट, हे नुसते वाया नाही तर त्यांनी वर नुकसान केलं.

१९ नोव्हेंबर २०२३

या वेळी बिया वेळेवर. कुर्डू: तुरा खालून वाळायला लागला की कागदी पिशवी उलटी घालून झटकायचा. टाकळा: शेंग तपकिरी झाली की लगेच, नाहीतर तडकते. तेरड्याच्या शेंगा पिकल्या की बोट लागताच फट्कन फुटतात, गेल्या महिन्यात जुन्या ओढणीचा तुकडा झाडाखाली धरून गोळा केल्या, तरी निम्म्या भिंतीपलीकडे. भाचीला या कामाला लावलं, तिला शेंगा फोडायला मजा येते म्हणून तिने बिनपिकलेल्या पण फोडल्या, त्या पांढऱ्या बिया बिनकामाच्या.

सोनकीचं बी लोणावळ्याकडे रस्त्याच्या कापलेल्या दरडीवरून आणलं, एका झाडावरून थोडंसंच. रुईच्या म्हाताऱ्या असतात तसं केसाळ, उडतं बी. कास पठारावरून काहीही आणू नका, तिथे फूल तोडायला पण बंदी आहे आणि ती योग्यच आहे.

१४ जानेवारी २०२४

मातीच बदलायची ठरवलं. म्हणजे चांगली माती काढून वाईट माती भरायची. वरची पाच इंच खताची माती काढली, २५ गोण्या निघाल्या, त्या शेजारच्या काकूंनी आनंदाने त्यांच्या गुलाबांना घेतल्या. मला म्हणाल्या, "अरे एवढी सोन्यासारखी माती का देतोयस? बरा आहेस ना?" बदल्यात पलीकडे पाया खणतायत तिथला मुरूम आणला, फुकट, फक्त दोन पोरांना वाहून आणायचे ८०० दिले. तीन भाग मुरूम आणि एक भाग जुनी माती.

माती चाळताना लव्हाळ्याच्या गाठी वेचल्या, बोराएवढ्या काळ्या, एकाला एक दोऱ्याने जोडल्यासारख्या. दीड बादली भरली. एक गाठ राहिली तरी पुरे असते आणि नक्की राहिल्या असणार.

पाया खणायचं काम आता समोरच्या प्लॉटकडे सरकणार आहे असं कळलं, जेसीबी येणार. तिथे कुंपणाच्या कोपऱ्यात मी ऑगस्टमध्ये कळलावीचा वेल बघितला होता, आणि तेव्हा ओळखायला एक दगड ठेवला होता. हिवाळ्यात वरती काहीच दिसत नाही, वेल पूर्ण वाळून जातो. वॉचमनला विचारून खणलं. दीड फूट खाली तीन कंद सापडले, नांगरासारख्या किंवा इंग्रजी व्ही सारख्या आकाराचे, पांढरट, आणि काढताना एकाची दोन्ही टोकं मोडली.

लक्षात ठेवा: कळलावीचं सगळं झाड विषारी, कंद सगळ्यात जास्त. हातमोजे घालून काढले, खुरपं वेगळं धुतलं, आणि लावले ते भिंतीच्या कोपऱ्यात जिथे भाची आणि शेजारचं कुत्रं पोचणार नाही तिथे, पुढे जाळी लावून. घरात लहान मूल असेल तर सरळ हा नाद सोडून द्या.

२१ एप्रिल २०२४

टाकळा गेल्या वर्षी पाचच का उगवला? बियांचं कवच कडक असतं, पाणी आत जात नाही. म्हणून ट्रेमध्ये पन्नास-पन्नास बियांचे तीन गट केले. नुसत्या पेरलेल्या: ७ उगवल्या. उकळतं पाणी ओतून रात्रभर त्यातच ठेवलेल्या: ३१. पॉलिश पेपरवर घासलेल्या: ४२. पण घासायला मला दीड तास लागला आणि बोटांची सालं निघाली. उकळत्या पाण्याचाच मार्ग बरा. आई म्हणते गावाला कोणी पाणी तापवत नाही तरी टाकळा माजतो, तर गावाला एका झाडाला हजारो बिया असतात, त्यातल्या थोड्याच दर वर्षी उगवल्या तरी चालतं. माझ्याकडे पुडीभरच आहेत.

२ जून २०२४

वाफ्याच्या पुढच्या बाजूला विटांची ओळ लावली, ३६ विटा, ४०० रुपये. कारण असं की गेल्या वर्षी रो हाऊसच्या ग्रुपवर कोणीतरी आमच्या वाफ्याचा फोटो टाकून 'स्वच्छतेकडे लक्ष द्यावे' लिहिलं होतं. नाव नव्हतं पण गेट आमचं होतं. मी लांबलचक उत्तर टाइप केलं आणि पाठवलं नाही. नंतर विचार केला की लोकांना झाडांचा राग नाहीये, मालकाचं लक्ष नाही असं दिसतं त्याचा आहे. सरळ कड असली की आतला पसारा मुद्दाम केलेला वाटतो.

पाटी पण लावली, 'येथे रानफुले लावली आहेत'. पत्र्याचा तुकडा आणि ऑइल पेंट, घरचाच.

१० जून २०२४

पाऊस यंदा वेळेत, काल जोरदार झाला. आज पेरणी. मागे कुर्डू, मध्ये तेरडा, पुढे टाकळा आणि एकदांडी, आणि बी कुठेही रेघेत नाही, मुरमात मिसळून मूठ मूठ फेकलं. पुरलं नाही. वरून पायाने हलकं दाबलं. सोनकी एका ट्रेमध्ये वेगळी.

एकदांडीबद्दल एक जण म्हणाला ती पण बाहेरचीच, मग कॉसमॉसवर एवढा राग का. बरोबर आहे, ती पण अमेरिकेकडचीच. पण ती ढोपराच्या वर जात नाही, कोणाची जागा मारत नाही, बारा महिने फुलते, छोट्या निळ्या फुलपाखरांना तेवढंच हवं असतं. आणि शाळेत गुडघा फुटला की हिचाच पाला चोळून लावायचो, दगडी पाला म्हणायचो. वशिला आहे तिचा, मान्य.

२७ जून २०२४

उगवण जबरदस्त. आणि लगेच गोगलगायी. सकाळी बघितलं तर तेरड्याच्या शंभरेक रोपांची नुसती देठं. रात्री अकराला टॉर्च घेऊन गेलो तर शंखी गोगलगायी, मुठीएवढ्या. खरं तर मुरमात त्या कमी येतील असं वाटलं होतं, पण विटांच्या ओळीखाली दिवसा त्यांना गारेगार लपायला जागा मीच ४०० रुपयांत करून दिली.

मिठाची रेघ मारा असं सगळे सांगतात. मारू नका, पहिल्या सरीत वाहून मुळांत जातं, दोन फुटांचा भाग त्याने जळला. काय उपयोगी पडलं: संध्याकाळी ओलं गोणपाट आणि त्याखाली कोबीची पानं ठेवायची, पहाटे उचलायचं, खाली सगळी सभा भरलेली असते, वेचून मिठाच्या पाण्याच्या बादलीत. हात लावायचा नाही, चिमटा किंवा मोजे. पहिल्या रात्री ५४, दुसऱ्या ३८, आठव्या दिवशी ६. सोनकीच्या ३० रोपांतली २१ तोपर्यंत गेली होती.

१४ जुलै २०२४

कुर्डू फूटभर झाला, सगळ्यांचे शेंडे खुडले. खुडलेल्या शेंड्यांची भाजी, लसूण आणि थोडी डाळ घालून. शेंडे खुडल्यामुळे झाड उंच न जाता फुटवे येतात. चार मुद्दाम न खुडता ठेवलेत, फरक बघायला.

२७ जुलै २०२४

२४-२५ तारखेच्या पावसाने पुण्यात काय झालं ते सगळ्यांनी बघितलंच. आमच्याकडे वाफ्यात वितभर पाणी साचलं, कारण विटांची ओळ मी सिमेंटने सलग बसवली होती, पाणी जायला वाटच नव्हती. भर पावसात छन्नीने तीन विटा काढल्या, एक फोडली. सोनकीची उरलेली ९ रोपं याच कोपऱ्यात लावली होती, ५ सडली. दरडीवर, दगडाच्या फटीत वाढणारं झाड मी वाफ्याच्या सगळ्यात सखल कोपऱ्यात लावलं होतं, हे पण लिहून ठेवतो. राहिलेली ४ एका फुटक्या कुंडीत, नुसता मुरूम आणि विटांचे तुकडे.

तेरड्याला मात्र काहीच झालं नाही. उलट.

११ ऑगस्ट २०२४

टाकळ्यावर हिरव्या अळ्या. पानं नाहीत, काड्या राहिल्यात. कडुनिंबाचं तेल काढलं होतं फवारायला आणि मग अंगणात पिवळी फुलपाखरं एवढी का फिरतायत ते लक्षात आलं, ग्रास यलो, ती टाकळ्यावरच अंडी घालतात. तेल परत ठेवलं. आई नाराज, तिला भाजी हवी होती. कोवळा पाला जूनमध्येच खुडायला हवा होता, आता हा हिस्सा अळ्यांचा. तीन आठवड्यात टाकळा परत फुटतो असं ती स्वतःच म्हणाली.

केन्याचा वैताग वेगळा. निळं फूल, सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं, मला फार आवडतं म्हणून पुढच्या कडेला चार तुकडे खोचले होते. आता सहा फूट केनाच आहे. उपटला तर प्रत्येक पेरातून परत फुटतो, आणि मुळाशी बघाल तर मातीखाली पण पांढरट बारीक फुलं असतात, तिथेच बी धरतं. म्हणजे वरचं सगळं काढलंत तरी खाली पुढच्या वर्षीची सोय झालेली. सगळा उकरून काढला, पेरं वेचून वेचून, चार तास. थोडा जुन्या घमेल्यात ठेवलाय, सिमेंटच्या ओट्यावर. भजी होतात पानांची, आणि चांगली होतात.

१० सप्टेंबर २०२४

गौरी. या वेळी वाफ्यात तेरडा मोजता येणार नाही एवढा, गुलाबी-जांभळा, आणि गल्लीतल्या पाच घरांनी येऊन आपापली रोपं नेली. ग्रुपवर फोटो टाकणारं घर त्यात होतं का माहीत नाही, विचारलं नाही.

कळलावीच्या धड दोन कंदांपैकी एक उगवला आणि परवा फुललाय, चार फुलं, खाली पिवळी वर लाल, पाकळ्या उलट्या वळलेल्या. कोकणात याला गौरीचे हात म्हणतात. आईला एक फूल गौरीपुढे ठेवायचं होतं, ठेवलं, पण उंचावर, आणि नंतर हात धुतले. मोडलेला कंद उकरून बघितला तर तसाच होता, कोंबच नाही. नवीन कोंब टोकालाच असतो, टोक गेलं की गेलं. खणताना कंदाच्या बाजूने लांबून खणा, घाई करू नका.

१३ ऑक्टोबर २०२४

कुर्डूचा निकाल: खुडलेले अडीच-तीन फूट, पाच ते नऊ तुरे, काठी न लावता उभे. न खुडलेले चार, त्यातले तीन आडवे. त्यांना कामट्या आणि सुतळी लावली, तोपर्यंत खालून वाकडे झालेले.

सोनकी, चारपैकी दोन फुलल्या, एकूण सतरा पिवळी फुलं. त्यासाठी केलेल्या कष्टांचा हिशोब मी लावणार नाही. सुरुवात करणाऱ्याने सोनकीच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे, तेरडा आणि कुर्डूने भागवा.

शेजारच्या काकूंचे गुलाब जोरात आहेत, आणि त्यांच्या गुलाबांत लव्हाळा पण जोरात आहे. माझ्याच मातीतून गेला. अजून मी काही बोललेलो नाही.

१७ नोव्हेंबर २०२४

दुसऱ्या वर्षाचा खर्च: मुरूम वाहतूक ८००, विटा ४००, सिमेंट ६०, कोबी आणि मीठ मिळून साधारण १२०. एकूण १३८०. पाणी जवळजवळ शून्य. वेळ, जूनपासून आठवड्याला तीनेक तास, त्यातला निम्मा गोगलगायी आणि केना.

वाफा आता तपकिरी आहे आणि कुरूप आहे, मे अखेरपर्यंत तसाच राहणार, याची तयारी ठेवा. मी वाळलेली खोडं डिसेंबरपर्यंत काढत नाही, मुनिया पक्षी कुर्डूचं बी खायला येतात. फक्त पुढची दीड फूट कड साफ करतो म्हणजे बाहेरून बरं दिसतं. कॉसमॉसची अकरा रोपं या वर्षी पण निघाली, गेल्या वर्षीचं पडलेलं बी, सगळी उपटली. लव्हाळा आहेच.

समोरच्या प्लॉटवर पहिला स्लॅब पडला. तिथला तेरडा आता फक्त आमच्या भिंतीलगत आहे, म्हणून या वेळी दुप्पट बी ठेवलंय, वर्तमानपत्राच्या पुड्या करून पत्र्याच्या डब्यात, डब्यात चुलीतली कोरडी राख. माळीमामांनी कुर्डूची एक पुडी मागून नेली, बहिणीच्या परसात टाकायला.

आणि एक गोंधळ झालाय. पुड्यांवर नावं लिहायचं काम भाचीला दिलं होतं, तिने तीन पुड्यांवर नुसतं 'काळ्या बिया' लिहिलंय. एक कुर्डूची आहे, एक आईने ठेवलेल्या लाल माठाची, तिसरी कसली ते कोणालाच आठवत नाही. कुर्डू आणि माठाचं बी भिंगातून बघितलं तरी मला सारखंच दिसतं. तिन्ही पुड्यांतलं चिमूट चिमूट जूनमध्ये वेगवेगळ्या कुंड्यांत टाकून बघणार.